फेस का येतो? (नरडाण्याच्या सोड्यापासून ड्राफ्ट बिअरपर्यंत)

मराठी विभागात बिअरवर लेख म्हटल्यावर सरांच्या भुवया वर गेल्याच. पण सर, लेख फ्लुइड मेकॅनिक्सचा आहे. आणि महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा फर्स्ट इयरवाल्यांनी नुसती थिअरी वाचावी.

नरडाण्याला मुंबई-आग्रा हायवेवर माझ्या चुलतभावाची सोड्याची गाडी आहे. मे महिन्यात, आपल्या खान्देशातल्या उन्हात, त्याच्या नळातून सोडा कमी आणि फेस जास्त यायचा. "गॅस कमी पडी ऱ्हायना," असं म्हणून तो रेग्युलेटर आणखी पिळायचा. फेस आणखी वाढायचा. दिवसाला कितीतरी ग्लास गटारात. मलाही तेव्हा कारण सांगता आलं नाही, आणि मी मेकॅनिकलचा!

कारण कळलं ते पुण्यात. २००९ साली तिथे 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. (नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून गोऱ्या सोल्जरांचं डोकं फिरायचं म्हणे, म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडसर.) पुढे पुण्यात एकाच बारमध्ये तीन-चार प्रकारच्या बिअर नळाला दिसू लागल्या. सुट्टीत मी अशा नळांच्या फिटिंगला हेल्पर म्हणून जात होतो. एका ठिकाणी लागर, गव्हाची बिअर आणि इंग्लिश एल असे तीन केग होते. मी एकच रेग्युलेटर लावला, तिन्हींना १२ पीएसआय, तिन्हींना सारख्या लांबीची नळी. लागर झकास आली. गव्हाच्या बिअरचा पहिल्याच दिवशी नुसता फेस, आणि चार-पाच दिवसांनी ती मिळमिळीत. एल मात्र सुरुवातीला बरी होती, ती आठवड्याने फेसाळली. मालकाने फेकलेल्या बिअरचा हिशेब माझ्यासमोर मांडला. तो आकडा इथे देत नाही.

आता सायन्स. हेन्रीचा नियम बारावीला पाठ केलेला असतोच: द्रवात किती वायू विरघळेल ते त्याच्यावरच्या वायूच्या दाबावर ठरतं, आणि द्रव तापला की वायू कमी विरघळतो. बिअरवाले हा वायू 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड म्हणजे २.५ व्हॉल्यूम. लागरला साधारण एवढाच लागतो. इंग्लिश एलला २ च्या आसपास पुरतो, जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला ३.२ किंवा जास्तच. ४ अंश सेल्सिअसला हा वायू आहे तेवढाच टिकवायला एलला साडेसहा, लागरला १२ आणि गव्हाच्या बिअरला १९ पीएसआय दाब लागतो. यापेक्षा दाब जास्त असेल तर बिअर हळूहळू वायू पीत राहते. माझ्या एलचं तेच झालं. आणि कमी असेल तर? वायू नळीतच बुडबुडे होऊन सुटतो. म्हणजे दाब कमी असला तरी फेसच येतो! माझी गव्हाची बिअर इथे फसली. ग्लासातला फेस बघून दाब वाढवायचा की कमी करायचा हे कळूच शकत नाही, म्हणून रेग्युलेटर पिळत बसणं हा इलाज नाही.

दाब बिअरने ठरवायचा आणि वेग नळीने. केगमधला दाब नळीतल्या घर्षणात आणि चढात खर्च व्हावा, बिअर नळापाशी शांतपणे पोचावी. पाव इंच आतल्या व्यासाच्या साध्या व्हिनाइल नळीत फुटामागे सुमारे ०.८५ पीएसआय जातो, आणि चढाच्या प्रत्येक फुटाला अर्धा. नळ केगपेक्षा दोन फूट उंच असेल तर चढाचा १ पीएसआय वजा करा. लागरसाठी ११ भागिले ०.८५ म्हणजे १३ फूट नळी. गव्हाच्या बिअरला २१ फूट, एलला साडेसहा. गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, झालं. सेकंदाला साधारण ६० मिली धार पडली की बरोबर जमलं समजा. नळीचा व्यास मात्र जपून निवडा, घर्षण त्याच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतं. पुण्याच्या उंचीमुळे गेजवर एखादा पीएसआय जास्त ठेवावा लागतो, गेज दाब आणि निरपेक्ष दाब यांतला फरक व्हायवाशिवाय मला इथेच उपयोगी पडला.

स्टाउटची तऱ्हा वेगळी. १९५९ साली गिनेसमधल्या मायकेल अॅश या गणितज्ञाने नायट्रोजन मिसळून बिअर देण्याची पद्धत बसवली. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, म्हणून ७५ टक्के नायट्रोजन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण ३० पीएसआयच्या वर लावलं तरी बिअर जास्त वायू पीत नाही. नळात बारीक भोकांची चकती असते, तिच्यातून जाताना साईसारखा फेस बनतो. साध्या बिअरला हा नळ लावू नये, नुसता फेस मिळेल.

बाकी दोन आठवड्यांनी नळ्या अल्कलीने धुवाव्यात, नाहीतर चव जाते. हे काम कुणालाच आवडत नाही.

त्या बारमध्ये मी नंतर तीन रेग्युलेटर बसवले, दोन दिवस बिनपगारी. आणि मे महिन्यात नरडाण्याला गेलो तेव्हा भावाच्या गाडीखाली वाकून बघितलं. थंड टाकीपासून नळापर्यंतची नळी उन्हात तापत होती. वायू तिथेच सुटत होता, आणि दाब वाढवला की धार आणखी जोरात आपटायची. सोडा आणि बिअर तसे भाऊबंदच. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ साली लीड्समध्ये शेजारच्या ब्रुअरीतल्या आंबणाऱ्या हौदावर पाणी धरूनच पहिला सोडा बनवला होता. आम्ही नळी लांब करून बर्फाच्या पेटीतून फिरवली, उरलेल्या तुकड्याला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि रेग्युलेटर होता तिथे आणला. आता फक्त बराच वेळ गिऱ्हाईक आलं नाही की पहिला अर्धा ग्लास फेसाळ येतो. तो भाऊ स्वतः पितो.