एएन-३२ : अडकलेले सुटे भाग

१९८४ पासून आपल्या हवाई दलात राबणाऱ्या एएन-३२ या मालवाहू विमानाचं माहेर युक्रेन. शंभरावर विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार २००९ मध्ये झाला. काही विमानं युक्रेनमध्ये, उरलेली कानपूरच्या बेस रिपेअर डेपोत सुधारायची होती. २०१४ मध्ये रशिया-युक्रेनचं बिनसलं आणि सुट्या भागांपाशी घोडं पेंड खाऊ लागलं. (रचना सोव्हिएत काळातली, त्यामुळे पुरवठादार दोन्हीकडे!)

इंजिनातलं बेअरिंग काही मोटारीसारखं दुकानातून आणून बसवता येत नाही. त्याला प्रमाणपत्र लागतं, वापराचे तासही ठरलेले. ते झिजू लागलं की ऑइलमधल्या चुंबकी प्लगला धातूचा बारीक कीस चिकटतो. कीस प्रमाणाबाहेर दिसला, की विमान जमिनीवरच.