अनवाणी धावताना कातडी आधी शिकते, हाड मागाहून

कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या दोन डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले आणि १९९२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायात काहीतरी घालून वाढलेल्या मुलांमध्ये सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, तर अनवाणी वाढलेल्यांमध्ये २.८ टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्या मुलांचे तळवे सर्वांत जास्त सपाट, चपला-सँडलवाल्यांचे त्याहून कमी. पायांच्या काळजीपोटी आईबाप लहानपणीच मुलांना बूट घालतात, आणि तळव्याची कमान मात्र मोकळ्या पायातच चांगली घडते, असं हे ठसे सांगत होते. अनवाणी धावण्याच्या छंदाविषयी आज जे बोललं जातं, त्यात आपल्या शेजारच्या राज्यातल्या या कामाचा उल्लेख क्वचितच होतो, याची मला खंत वाटते.

कमानीला एवढं महत्त्व का? पावलात २६ हाडं असतात आणि ती अस्थिबंधांनी अशी बांधलेली असतात की भार पडला की कमान थोडी दबते आणि भार सरकला की पुन्हा उचलली जाते. १९८७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ही लवचीकता प्रयोगशाळेत मोजली. त्यांच्या हिशोबानुसार, ७० किलो वजनाचा माणूस चांगल्या वेगात धावत असताना प्रत्येक पावलाला शरीर जी ऊर्जा शोषतं, तिच्यातली सुमारे १७ टक्के कमानीत साठते आणि सुमारे ३५ टक्के टाचेमागच्या अकिलिस कंडरेत. यातली बरीचशी पुढच्याच क्षणी उडीच्या रूपात परत मिळते. म्हणजे पाय हा नुसता टेकू नाही. तो कामाचा अवयव आहे, आणि ज्या अवयवाला काम मिळत नाही तो दुबळा होतो.

आता बूट काढा, घरातल्या फरशीवर उभे राहा आणि जागच्या जागी चार उड्या मारा. टाचेवर उतरलात? कोणीच उतरत नाही. आधी चवडा टेकतो, घोटा आणि गुडघा वाकतो, मग टाच हळूच खाली येते. हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये दाखवलं ते हेच. त्यांनी अमेरिका आणि केनियातल्या धावपटूंची तुलना केली. सवयीनं अनवाणी धावणारे बहुतेक जण चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरत होते आणि बूटवाले बहुतेक टाचेवर. बूट घालून टाच आपटताना जमिनीकडून पहिला धक्का शरीराच्या वजनाच्या सुमारे पावणेदोन पट येत होता. अनवाणी, चवड्यावर उतरणाऱ्यांना तो वजनाच्या सहा दशांशही नव्हता.

फरक इतका मोठा असण्याचं कारण साधं भौतिकशास्त्र आहे. टाच आपटते तेव्हा पाऊल आणि गुडघ्याखालचा पाय हे सगळं एकदम थांबतं. चवडा आधी टेकला तर घोटा बिजागरीसारखा फिरतो, खाली येणारी गती फिरण्यात वळते आणि त्या क्षणी थांबतो तो पावलाचा लहानसा भाग. उरलेला धक्का पोटरी आणि कंडरा सावकाश पेलतात. टाचेखाली जाड फोम असलेले बूट १९७०च्या दशकात रुळले. त्यांनी टाचेवर आपटणं सुसह्य केलं, आणि म्हणूनच ती सवयही पक्की केली.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की बूट फेकावेत आणि उद्या पहाटेच धावायला निघावं. २००९ नंतर अमेरिकेत हजारो लोकांना असंच वाटलं. त्या वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टु रन’ हे पुस्तक आलं. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे, टायरच्या रबरापासून केलेल्या पातळ चपला घालून मैलोन्‌मैल धावणारे ताराहुमारा लोक त्या पुस्तकामुळे जगाला माहीत झाले. व्हायब्रम या इटालियन कंपनीचे पाच बोटांचे, कागदासारख्या पातळ सोलचे बूट धडाक्यात खपले. पुढे या बुटांमुळे पाय बळकट होतात, दुखापती टळतात या जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, म्हणून अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला. चूक मान्य न करता कंपनीनं २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरवर तडजोड केली.

खटल्यापेक्षा मला जास्त बोलका वाटतो तो युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा २०१३ सालचा प्रयोग. ३६ अनुभवी हौशी धावपटूंपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू या पातळ बुटांची सवय करायला सांगितली. बाकीचे नेहमीच्या बुटांत धावत राहिले. आधी आणि नंतर सगळ्यांच्या पायांचं एमआरआय केलं. पातळ बूटवाल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांतली सूज वाढलेली दिसली, आणि काहींच्या बाबतीत ती थेट हाडाला तडा जाण्यापर्यंत गेली होती. लक्षात घ्या, हे नवखे लोक नव्हते आणि त्यांना बदलासाठी अडीच महिने दिले होते.

याचा उलगडा शरीराच्या वेगवेगळ्या घड्याळांत आहे. तळव्याची कातडी काही आठवड्यांत राठ होते. पोटरीचा स्नायू दोन-तीन महिन्यांत बळावतो. कंडरेला त्याहून वेळ लागतो. हाडाची गोष्ट आणखी अवघड, कारण नव्या भाराला तोंड देण्यासाठी हाड आधी जुना भाग झिजवतं आणि मग तिथं नवं भरतं. या डागडुजीच्या एका फेरीला तीन-चार महिने लागतात आणि मधल्या काळात ते हाड नेहमीपेक्षा कच्चं असतं. चवड्यामागची पाच लांब हाडं नेमकी याच काळात तडकतात.

म्हणून माझं ठाम मत असं की, नवख्यासाठी पातळ बूट हे पूर्ण अनवाणी धावण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहेत. ऐकायला हे उलटं वाटेल. पण उघड्या पायानं डांबरी रस्त्यावर पाचशे मीटर धावलात तर कातडीच तुम्हाला थांबवते. तळवा चुरचुरतो, तुम्ही घरी परतता आणि हाडाला विश्रांती मिळते. पातळ बूट कातडीची ही तक्रार बंद करतो, हाडावरचा भार मात्र तसाच ठेवतो. माणूस पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर पळतो आणि महिन्याभरात लंगडतो. आधी अनवाणी शिकावं, मग खडीसाठी, काचांसाठी, उन्हासाठी पातळ बूट घ्यावेत.

राठ कातडीनं पाय बधिर होतो, ही समजूतही तपासून पाहिली गेली आहे. लिबरमन यांच्याच गटानं २०१९ मध्ये केनिया आणि बोस्टनमधल्या लोकांचे तळवे तपासले. अनवाणी चालणाऱ्यांची कातडी कितीतरी जाड होती, पण तिची स्पर्शाची जाण कमी झालेली नव्हती. फोमच्या सोलला हे साधत नाही.

तरीही अनवाणी धावण्याला धर्म बनवू नये. उत्तर केनियातल्या दासनच लोकांचा अभ्यास २०१३ साली आला. जन्मभर अनवाणी वावरणाऱ्या या लोकांपैकी ७२ टक्के जण आपल्या सोयीच्या वेगानं धावताना टाचेवरच उतरत होते. वेग वाढला की चित्र बदलत होतं. म्हणजे ‘नैसर्गिक’ धावण्याची एकच रीत नाही. हलका, थोडा मऊ बूट घालून धावताना अनवाणीपेक्षा किंचित कमी ऊर्जा लागते, हेही प्रयोगांत दिसलं आहे, कारण अनवाणी धावताना धक्का झेलण्याचं काम स्नायूंना करावं लागतं. अबेबे बिकिलानं १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. पण १९६४ मध्ये टोकियोत तोच बिकिला बूट घालून तीन मिनिटं कमी वेळात धावला.

आपल्याकडे मिलिंद सोमण यांच्यामुळे अनवाणी धावणं शहरी तरुणांना ठाऊक झालं. पण २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून अनवाणी पहिल्या आलेल्या लता करे यांची आठवण ठेवावी. शेतात राबून घडलेले पाय घेऊन त्या धावल्या होत्या. दिवसभर खुर्चीत बसून, चाळिशीपर्यंत बुटांत राहिलेल्या पायांनी त्यांची बरोबरी करायला जाऊ नये.

करायचं ते असं. पहिला महिना घरात आणि गच्चीवर अनवाणी चाला. मग एक दिवसाआड चारशे मीटरपासून सुरुवात करा. जागा कठीण, सपाट आणि स्वच्छ हवी. हिरवळ आणि समुद्राची वाळू सुखाची असते, पण तिथे टाच आपटली तरी कळत नाही, त्यामुळे चाल सुधारत नाही. पावलं छोटी टाका, आवाज होऊ देऊ नका आणि आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नका. एप्रिल-मे महिन्यात ऊन चढल्यावर डांबरावर जाऊच नका. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी धावू नये. ही सगळी पद्धत तळव्याच्या जाणिवेवर चालते आणि तीच त्यांच्याकडे शाबूत नसते.

पोटरी दुखेल, ते दुखणं दोन दिवसांत जातं. पण पावलाच्या वरच्या बाजूला बोटानं दाबून पाहा. हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर त्या दिवसापासून धावणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं अंगावर काढू नका.