मृदू प्रवाळ कोमेजू लागल्यास काय पाहावे?

भोसरी व आसपासच्या गावांतील बरीचशी शेतजमीन कारखाने व वस्ती यांखाली गेली आहे. अशा ठिकाणी थोड्या जागेत करता येण्याजोगा जोडधंदा म्हणून रंगीत मासे पाळण्याकडे काही कुटुंबे वळतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घराच्या आवारातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश असून त्यात गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांतील मासे येतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत माशांबरोबर मृदू प्रवाळही ठेवले जातात. ते आक्रसू लागले की पुष्कळ जण हाती सापडेल ते औषध पाण्यात ओततात. माती न तपासता खत टाकण्यासारखेच हे आहे. प्रवाळाचे दुखणे बहुधा पाण्यात असते. म्हणून प्रथम पाणी तपासावे व नंतरच उपाय योजावा.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ दिसावयास वनस्पतीसारखे असले तरी तो प्राणी आहे. अनेक लहान जीव एकत्र जोडले जाऊन त्याची वसाहत बनते. मृदू प्रवाळ दगडी प्रवाळाप्रमाणे खडक बांधीत नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळे राहते. हे शेवाळे प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शेवाळे बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ साली व पुन्हा २०२४ साली लक्षद्वीपच्या समुद्रातील प्रवाळ याच कारणाने मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. जे विशाल समुद्रात घडते ते शंभर लिटरच्या टाकीत एका दुपारीही घडू शकते.

दुखणे खरे की भासमान?

‘लेदर कोरल’ या नावाने विकला जाणारा प्रवाळ अधूनमधून मिटतो व अंगावरील मेणासारखा पातळ पापुद्रा टाकतो. हा रोग नव्हे. पाण्याचा प्रवाह थोडा वाढवून सुमारे आठवडाभर वाट पाहावी. परंतु रंग पांढुरका होणे, बुंधा काळा पडून सडणे, दुर्गंधी येणे किंवा प्रवाळ दगडापासून सुटणे ही लक्षणे दिसल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. खारेपणा. सह्याद्रीच्या पूर्वेस समुद्राचे पाणी सहज मिळत नाही. त्यामुळे शुद्ध पाण्यात तयार क्षार मिसळून ते बनवावे लागते. त्यात दर हजार भागांस ३५ भाग क्षार असावेत. बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार मात्र टाकीतच राहतात. शंभर लिटरमधून दहा लिटर पाणी उडाले तर खारेपणा ३५ वरून जवळजवळ ३९ वर जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोज गोड्या पाण्यानेच करावी, खाऱ्या पाण्याने करू नये. वाढलेला खारेपणा दिवसाला एका भागाहून अधिक उतरवू नये. मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर प्रमाणित द्रावणाने पडताळून घ्यावे.

२. उष्णता. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास तापमान दोन-तीन अंश उतरते. कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो; पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा गुण कमी येतो. मात्र पंख्याने पाणीही अधिक उडते, हे ध्यानात ठेवून भर वाढवावी. पुणे परिसरात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवली जाते; त्या दिवसासाठी बॅटरीवर चालणारा हवापंप तयार ठेवणे अवश्य आहे.

३. मूळ पाणी. नळाचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी त्यात क्लोरीन घातलेले असते. विंधन विहिरीचे पाणी जड असते व त्यात नायट्रेटही असू शकते. ही दोन्ही पाणी टाकीत थेट घालू नयेत, आर.ओ. यंत्रातून काढून नंतर क्षाररहित केलेले पाणी वापरावे. तांबे प्रवाळाला घातक आहे. म्हणून माशांच्या रोगावरील ताम्रयुक्त औषध या टाकीत कदापि घालू नये. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढून त्यावर तेथेच उपचार करावेत.

४. पोषण. अमोनिया मुळीच नसावा. नायट्रेट लिटरमागे ५ ते २० मिलिग्रॅम असल्यास मृदू प्रवाळास मानवते. खाद्य अधिक पडल्यास पाणी बिघडते. उलटपक्षी पाणी अतिस्वच्छ करून नायट्रेट शून्यावर आणल्यास प्रवाळाची उपासमार होते. दोन्ही टोके टाळावीत.

५. प्रकाश व प्रवाह. दिवा रोज आठ ते दहा तास पुरे. नवा प्रखर दिवा लावल्यास त्याचा प्रकाश दोन-तीन आठवड्यांत क्रमाने वाढवावा. प्रवाह असा असावा की प्रवाळ डुलेल, पण एका बाजूस दबून राहणार नाही.

६. शेजार. मृदू प्रवाळ स्वसंरक्षणार्थ पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात व त्यामुळे शेजारचे प्रवाळ खुरटतात. त्यांत अंतर ठेवावे आणि गाळणीत सक्रिय कोळसा घालून तो महिन्याने बदलावा.

उपाय व सावधगिरी

दोष सापडल्यावर एका वेळी एकच बदल करावा व काही दिवस परिणाम पाहावा. सर्व उपाय एकदम केल्यास कशाने गुण आला व कशाने अपाय झाला हे कळत नाही. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलणे हा सर्वांत निर्धोक उपाय होय. सडलेला भाग धारदार पात्याने निरोगी भागापर्यंत कापून टाकीबाहेर काढावा. हे काम हातमोजे व चष्मा घालूनच करावे. मृदू प्रवाळांबरोबर विकल्या जाणाऱ्या झोएंथिड जातीच्या काही जीवांत अत्यंत जहाल विष असते; ते चिकटलेले दगड उकळू किंवा कोरडे घासू नयेत. उकळताना निघालेली वाफ श्वासावाटे गेल्यास घरातील माणसांच्या जिवावर बेतू शकते.

मेलेल्या प्रवाळाच्या जागी दुसरा आणताना तो टाकीतच वाढविलेल्या प्रवाळाचा तुकडा असल्याची खात्री करावी. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ पासून अशाच समुद्री जीवांसाठी राखलेले आहे. किनाऱ्यावरून तोडून आणलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

टाकीशेजारी एक नोंदवही ठेवून त्यात रोजचे तापमान, खारेपणा व घातलेल्या पाण्याची भर लिहावी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी तक्रार आल्यास प्रथम ही वही पाहावी. प्रवाळ कोमेजण्यापूर्वीच्या पंधरवड्यातील आकडे नीट वाचल्यास दोषाचा माग लवकर लागतो व औषधाचा खर्चही बहुधा वाचतो.