महाराष्ट्राच्या अभिमानाचा पाया

आपल्या राज्याविषयी महाराष्ट्रातील माणसाला वाटणाऱ्या अभिमानाची चर्चा बहुधा गडकिल्ले, शिवकाल आणि संतपरंपरा यांच्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. हा वारसा थोरच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले समाविष्ट झाले, त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. तथापि तो पूर्वजांनी मिळवून ठेवलेला आहे, तर १९६० साली स्थापन झालेले राज्य सामान्य माणसाने स्वतः झगडून मिळवले, आणि या अभिमानाची बळकट मुळे तेथेच सापडतात.

भाषावार प्रांतरचना, म्हणजे एक भाषा बोलणाऱ्यांचा सलग प्रदेश एका राज्यात आणण्याचे तत्त्व, १९५६ मध्ये देशाच्या बऱ्याच भागांत लागू झाले. मराठी आणि गुजराती भाषकांना मात्र १ नोव्हेंबर १९५६ पासून एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात ठेवण्यात आले, कारण मुंबई शहर कोणाकडे जावे हा प्रश्न दिल्लीला सुटत नव्हता. याच प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. मुंबईसह मराठी भाषकांच्या राज्यासाठी लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे अशी वेगवेगळ्या विचारांची माणसे मतभेद बाजूला ठेवून एकत्र आली, तर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख या शाहिरांनी मुंबईतील गिरणी कामगारांचा गिरणगाव जागता ठेवला. या लढ्यात प्राण गमावलेले लोक १०६ हुतात्मे म्हणून ओळखले जातात. मुंबईच्या हुतात्मा चौकातील स्मारकावर मशाल धरलेल्या दोन मूर्ती आहेत, एक शेतकऱ्याची आणि दुसरी कामगाराची; ही निवड फार समर्पक आहे, कारण पुढे या राज्याने केलेले सर्वांत मोलाचे काम त्याच वर्गासाठी झाले.

ते काम म्हणजे रोजगार हमी योजना. १९७२ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांतील माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबांध बांधायला दुष्काळी कामांवर गेली आणि सुकडी या मदत म्हणून मिळणाऱ्या पौष्टिक खाद्यावर दिवस काढून तगली. काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी असावी, ही विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती. विधिमंडळाने १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुराने मागणी केल्यावर १५ दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, स्त्री-पुरुषांना सारखीच मजुरी द्यायची आणि कामावर पिण्याचे पाणी, सावली व लहान मुलांसाठी पाळणाघर ठेवायचे, असे या योजनेचे स्वरूप होते. तिच्यासाठी पैसा उभा करण्याची रीत तर विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १९७५ च्या कायद्याने नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. आजही अनेकांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, त्या नोंदीचे मूळ रोजगार हमीत आहे. शहरातील पगारदाराने दुष्काळी तालुक्यातील मजुराचा भार उचलावा, हे तत्त्व सर्व पक्षांनी मान्य केले, आणि पुढे केंद्राने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव देशापुढे होता. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, स्वतःचे नाव लागलेले पाहणाऱ्या शेतमजूर बाईला राज्य आपले वाटण्यास यापेक्षा सबळ कारण असू शकत नाही.

अर्थात सर्वांचा अनुभव सारखा नाही. बेळगाव आणि सीमाभागातील मराठी भाषक राज्याबाहेरच राहिले. विकासात न्याय्य वाटा देण्याच्या नागपूर करारातील आश्वासनांवर विश्वास ठेवून राज्यात आलेल्या विदर्भात, तसेच मराठवाड्यात, अनुशेषाची म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत विकासात पडलेल्या तुटीची तक्रार जुनी आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये राज्यभरातील ही तूट सिंचन, रस्ते, शिक्षण अशा क्षेत्रांनुसार मोजून सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा हिशेब सरकारपुढे मांडला, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विदर्भ-मराठवाड्यातील लोकप्रतिनिधी आजही अनुशेषाचा जाब सरकारला विचारतात.