माणशी एक चौरस किलोमीटर

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या पूर्व टोकाला ओ-म्बोमू नावाचा जिल्हा आहे. क्षेत्रफळ 55,530 चौरस किलोमीटर आणि 2003 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 57,602. भागाकार सोपा आहे, माणशी एक चौरस किलोमीटर! देशाची सुमारे नऊ टक्के जमीन इथे, माणसं मात्र जेमतेम दीड टक्का.

गडचिरोली हा महाराष्ट्रातला सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा. 2011 मध्ये तिथे दर चौरस किलोमीटरला 74 माणसं होती. ओ-म्बोमूत तेवढी ‘विरळ’ वस्ती झाली, तर लोकसंख्या 41 लाखांवर जाईल. 2003 मध्ये त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या होती 39 लाख!

कारभारासाठी जिल्ह्याचे चार तालुके केले आहेत: ओबो, झेमियो, जेमा आणि बांबूती. म्हणजे एकेका तालुक्याच्या वाट्याला सरासरी 13,900 चौरस किलोमीटर येतात, जवळजवळ एक गडचिरोली. जिल्ह्याचं ठाणं ओबो. तिथून राजधानी बांगी सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटरच्या पुढे, आणि कच्च्या रस्त्याने हजाराच्याही वर. पावसाळ्यात चिखलात ट्रक रुतला की त्याच्यामागे सगळीच वाहतूक खोळंबते. समुद्र तर विचारूच नका. आफ्रिकेत किनाऱ्यापासून सर्वांत लांबचा बिंदू ओबोजवळच आहे. कोणताही किनारा तिथून 1,800 किलोमीटरच्या आत नाही.

दक्षिणेला म्बोमू नदी, तिच्या पलीकडे काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक. पूर्वेला दक्षिण सुदानची सीमा पाणलोटावरून जाते. अलीकडचा पाऊस काँगो नदीतून अटलांटिकला मिळतो, पलीकडचा नाईलमधून भूमध्य समुद्राला. फ्रेंच अधिकारी मार्शां याने नाईलकाठचं फशोदा गाठण्यासाठी हाच पाणलोट ओलांडला. त्याची ‘फेदेर्ब’ ही आगबोट सुटी करून तिचे भाग माणसांकरवी जंगलातून वाहून नेले होते. 1898 च्या जुलैमध्ये तो फशोदाला पोचला.

सरासरी मात्र फसवी असते. इथली माणसं चौरस किलोमीटरला एक अशी विखुरलेली नाहीत. झेमियो, म्बोकी, ओबो, बांबूती ही गावं एकाच रस्त्यावर ओळीने वसली आहेत. बहुतेक लोक झांडे जमातीचे. कसाव्याचे कंद भिजवायचे, उन्हात वाळवायचे, कुटून पीठ करायचं, हे इथलं रोजचं काम. रस्ता सोडून उत्तरेला वळलं, की मैलोन्‌मैल वस्ती लागत नाही.

या मोकळ्या मुलखाचा फायदा बंडखोरांनी घेतला. युगांडाचा बंडखोर जोसेफ कोनी याच्या टोळीने मार्च 2008 मध्ये ओबोतून माणसं पळवून नेली. पुढे त्याला पकडण्यासाठी युगांडाचं आणि अमेरिकेचं सैन्य तिथे तळ ठोकून होतं, ते 2017 मध्ये परतलं. त्याच वर्षी झेमियोत हिंसाचार उसळला आणि हजारो लोक नदी ओलांडून काँगोत गेले.

अशा जिल्ह्यात डोकी मोजून सोयी देण्याचा हिशेब चालत नाही. माणसं मोजली तर चार दवाखाने पुष्कळ वाटतील. अंतर मोजलं तर चाळीसही कमीच पडतील.