इन्फ्ल्यूएंझा व्हायरसातील आनुवंशिक बदल व रेणवीय निदान

इन्फ्ल्यूएंझाचे रेणवीय निदान व्हायरसाच्या न्यूक्लिइक अम्लातील एक लहान, ठराविक क्रम ओळखण्यावर आधारलेले असते. हा व्हायरस सतत बदलत असल्याने नेमका तोच क्रम बदलल्यास रोग असूनही परीक्षेचा निष्कर्ष नकारात्मक येऊ शकतो.

बदलांची कारणे : इन्फ्ल्यूएंझा अ व्हायरसाची आनुवंशिक सामग्री एकसूत्री रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या (आरएनएच्या) ८ खंडांची असून तीत सु. १३,५०० न्यूक्लिओटाइडे असतात. तिच्या प्रती बनविणाऱ्या एंझाइमास झालेल्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. त्यामुळे उत्परिवर्तने (आकस्मिक आनुवंशिक बदल) साचत जातात. शिवाय एकाच कोशिकेत दोन भिन्न प्रकार शिरल्यास खंडांची अदलाबदल होऊन नवा प्रकार निर्माण होतो.

निदानावरील परिणाम : नाक व घसा यांतील स्रावातील आरएनएपासून प्रथम डीएनए बनवितात. नंतर सु. २० न्यूक्लिओटाइडांच्या दोन प्रारंभकांच्या साहाय्याने, पॉलिमरेज शृंखला विक्रियेने, त्याचा निवडलेला भाग कोट्यवधी पटींनी वाढवितात. प्रारंभकाच्या ज्या टोकापासून नवे सूत्र वाढते तेथे जुळणी न झाल्यास विक्रिया मंदावते किंवा थांबते. स्रावात व्हायरस अल्प असल्यास असा रुग्ण सहज निसटतो. पृष्ठभागावरील हीमॅग्लुटिनीन या प्रथिनाचा जीन (आनुवंशिक घटक) झपाट्याने बदलतो. म्हणून ‘अ’ प्रकार ओळखण्यास तुलनेने स्थिर असा एम जीन व उपप्रकार ठरविण्यास हीमॅग्लुटिनिनाचा जीन वापरतात. तथापि एच३एन२ व्हायरसांच्या एम जीनमधील बदलांमुळेही काही परीक्षांची संवेदनक्षमता घटल्याचे आढळले आहे.

एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन मुलांच्या नमुन्यांत इन्फ्ल्यूएंझा अ आढळला; परंतु मानवी एच१ व एच३ उपप्रकारांच्या परीक्षा नकारात्मक आल्या. या विसंगतीमुळेच वराहातील व्हायरसांपासून उद्‌भवलेला नवा एच१एन१ उघडकीस आला. त्यासाठी नवे प्रारंभक तयार करण्यात आले. भारतात त्या वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत या व्हायरसाचे निदान केले जात होते. त्याचा एम जीनही प्रारंभकांशी न जुळता, तर पहिले रुग्ण ओळखताच आले नसते.

उपाय : एकाच परीक्षेत दोन किंवा अधिक जीनांचे भाग तपासणे आणि प्रचलित व्हायरसांच्या क्रमांशी प्रारंभक वेळोवेळी ताडून पाहणे आवश्यक असते. साथीच्या काळात लक्षणे तीव्र असल्यास केवळ नकारात्मक निष्कर्षावरून उपचार थांबविणे योग्य नसते. कारण व्हायरसरोधी औषधे लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरतात.