टीव्ही आला, आता त्याचा लवाजमा!

टीव्ही घ्यायचा म्हटलं की घरात आठ दिवस त्याचीच चर्चा. किती इंची घ्यायचा, कुठल्या कंपनीचा, आत्ताच की दिवाळीच्या सवलतीत? हजार-पाचशे वाचावेत म्हणून आपण चार दुकानं पालथी घालतो. मग एकदाचा टीव्ही ठरतो, पैसे मोजायची वेळ येते आणि दुकानदार गोड आवाजात विचारतो, "वहिनी, वायर कुठली देऊ? स्टॅबिलायझर? भिंतीचं स्टँड? गार्ड?" भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी आपली जात, पण इथे मात्र "बरं, द्या तुम्हाला योग्य वाटेल ते" म्हणून मोकळी होते.

दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. टीव्हीचा भाव आजकाल मोबाईलवर शेंबड्या पोरालाही दिसतो, त्यात त्याला फारसं सुटत नाही. सुटतं ते या किरकोळ वस्तूंत, कारण त्यांचा भाव कुणी विचारून आलेलं नसतं. त्यातून यांतल्या काही वस्तू खरोखर गरजेच्या असतात, तर काही नुसत्या भीतीपोटी खपतात. कुठली कशात मोडते, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

किराण्याला जाताना आपण यादी करतो, तशी याचीही चिठ्ठी घरीच करावी. टीव्ही जिथे लागणार तिथून सेट-टॉप बॉक्सपर्यंतचं अंतर सुतळी धरून मोजा, अगदी कोपऱ्यातली वळणं धरून. जवळ किती प्लग आहेत आणि एकूण किती लागतील तेही लिहा. टीव्ही आधीच घरात असेल तर त्याच्या पाठीमागच्या भोकांचा मोबाईलवर फोटो काढा. दुकानात तो दाखवला की वर्णन करून सांगायची पंचाईत पडत नाही, आणि समोरचाही जरा जपून बोलतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर माझ्या मते आधी विजेवर करावेत. पण त्याआधी टीव्हीच्या पाठीवरचा कागद वाचा. "१०० ते २४० व्होल्ट" असं लिहिलेलं असेल तर दाब कमी-जास्त झाला तरी तो टीव्ही आपला आपण सांभाळून घेतो, नुसत्या कमी दाबासाठी त्याला स्टॅबिलायझर लागत नाही. मात्र तुमच्याकडे मधूनच दाब एकदम चढत असेल, किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटून आळीतली उपकरणं जळाल्याचं कानावर आलं असेल, तर जास्त दाब येताच वीज तोडणारा स्टॅबिलायझर जरूर घ्यावा. न्यूट्रल तुटला की घरातला दाब ४०० व्होल्टच्या आसपासही जाऊ शकतो. तिथे स्पाइक गार्डचा टिकाव लागत नाही.

या स्पाइक गार्डचीही गंमतच आहे. त्या नावाने विकले जाणारे पुष्कळ बोर्ड म्हणजे एक स्विच, एक फ्यूज आणि चार भोकं, बाकी काही नाही. खऱ्या गार्डवर सर्ज संरक्षणाचा उल्लेख असतो, तो किती ज्यूल सोसतो हा आकडा असतो आणि संरक्षण चालू असल्याचा दिवाही बहुधा असतो. आतला भाग झटके खाऊन खाऊन झिजतो. तो दिवा विझला की बोर्ड चालत राहिला तरी संरक्षण संपलं असं समजायचं. शिवाय घराला अर्थिंग नसेल तर त्याचं पुष्कळसं काम अडतं. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तिसरं भोक असतं, पण त्यामागे तारच जोडलेली नसते! वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्याच. आणि त्या बोर्डवर इस्त्री किंवा गीझर लावू नका बरं का, तो तेवढा भार सोसण्यासाठी नसतो.

वळवाच्या पावसात मात्र कुठल्याच गार्डच्या भरवशावर राहू नये. आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच टीव्हीचा प्लग काढावा, आणि छतावरच्या डिशची वायरही सेट-टॉप बॉक्समधून काढून ठेवावी. प्लग काढला पण डिशची वायर तशीच राहिली, की वीज त्या वाटेने आत शिरते. याला एक पैसा पडत नाही, म्हणून दुकानात हे कुणी सांगत नाही.

आता वायरीकडे वळू. "वहिनी, साधी लावलीत तर रंग फिके दिसतील," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं नाही. चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या एचडीएमआय वायरीतून जातात ते आकडे. ते नीट पोचले तर चित्र जसंच्या तसं दिसतं. नाही पोचले तर ठिपके चमकतात, चित्र तुटतं, नाही तर पडदाच काळा होतो. वायर स्वस्त म्हणून शालू निळ्याचा आकाशी दिसत नाही. टोकाला सोन्याचा मुलामा असतो तो गंजू नये म्हणून. एक ग्रॅम सोन्याच्या बांगडीसारखंच ते, दिसायला छान, पण त्यासाठी दुप्पट पैसे कशाला? सेट-टॉप बॉक्सच्या खोक्यात जी वायर येते ती बहुतेक घरांना पुरते. नवी घ्यायचीच तर दोन-चारशे रुपयांत दीड मीटरची चांगली मिळते. फोर-के चित्रासाठी "प्रीमियम हाय स्पीड" पाहा. चिरंजीवांना खेळाचं नवं यंत्र जोडायचं असेल तर "अल्ट्रा हाय स्पीड" घ्या. या दोन्हींच्या वेष्टनावर मोबाईलने तपासता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. नुसतं "२.१" छापायला काय, कुणीही छापतो. लांबी मात्र हवी तेवढीच घ्या. पाच मीटरच्या पुढे साध्या वायरीची खरोखर कुरबूर सुरू होते.

साउंडबार घेणार असाल तर टीव्हीच्या ज्या भोकापाशी "एआरसी" लिहिलंय, तिथेच वायर लावावी लागते. ते बहुधा एकच असतं. पुष्कळ घरांत वायर शेजारच्या भोकात असते आणि साउंडबार बिघडला म्हणून तक्रार! सुटे स्पीकर असतील तर त्यांच्या तारेत फसवणूक फार होते. वरून तांबं, आत ॲल्युमिनियम. दुकानातच टोक सोलून ब्लेडने जरासं खरवडायला सांगा, आत पांढरं दिसलं की परत करा. जोडताना लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरचं उलटं झालं तर आवाज येतो, पण तबल्याचा डग्गा कुठे गेला ते कळत नाही.

भिंतीच्या स्टँडबाबत घाई नको, कारण इथे प्रश्न पोराबाळांचा आहे. टीव्हीमागच्या चार भोकांतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, २०० बाय २०० वगैरे. ते आणि टीव्हीचं वजन चिठ्ठीवर लिहून न्या. स्क्रू टीव्हीबरोबर आलेले किंवा पुस्तिकेत लिहिलेल्या मापाचेच वापरा, लांब स्क्रू आतल्या भागात घुसतो. भिंत मातीची किंवा पोकळ पार्टिशनची असेल तर खुंट्या धरत नाहीत. तिथे रुंद, जड टेबल बरं, पण मग टीव्ही मागून पट्ट्याने भिंतीला किंवा टेबलाला बांधून टाका. खणाला लोंबकळून वर चढणारं मूल टीव्हीसकट खाली येतं. तो पट्टा काही महाग नसतो, पण तो मागणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

रिमोटचे सेल दोन्ही एकदम बदला, जुना-नवा एकत्र नको. रिमोट बंद पडला वाटलं तर मोबाईलचा कॅमेरा त्याच्या तोंडाशी धरून बटण दाबा. बहुतेक मोबाईलवर जांभळट दिवा दिसतो. दिसला तर नवा रिमोट घ्यायचं कारण नाही.

आणखी एका वस्तूसाठी पैसे खर्चावेत असं मला मनापासून वाटतं. कपाटातली लग्नाची, बारशाची व्हिडिओ कॅसेट! व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये ते काम थांबवलं. तेव्हा घरात किंवा नात्यात चालता व्हीसीआर असेल तर आताच हात उचला. नव्या टीव्हीला ती पिवळी-लाल-पांढरी भोकं बहुधा नसतात, मधे एक छोटी डबी लावावी लागते. डब्या दोन जातींच्या असतात आणि दिसायला अगदी जुळ्या. आपल्याला हवी ती "एव्ही टू एचडीएमआय". "एचडीएमआय टू एव्ही" म्हणजे उलट दिशेची, ती इथे कामाची नाही. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, कोकणात ती हटकून धरते, तर यंत्रात घालू नका, जाणकाराकडूनच साफ करून घ्या. आमच्या शेजारणीच्या सासूबाईंचा आवाज आज फक्त अशा एका कॅसेटवर आहे, नातवाच्या बारशाला पाळणा म्हणतानाचा. एकदा चित्र दिसलं की ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत या सगळ्या वस्तू ढिगाने मिळतात, आणि भावही खाली येतात. पण "बिल नको असेल तर शंभर कमी" म्हणाले तर भुलू नका. गार्ड, स्टॅबिलायझर यांची वॉरंटी बिलावरच असते, आणि तक्रार करायची पाळी आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावल्यावरही पहिली मागणी बिलाचीच होणार. घरी आल्या आल्या बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं बघता बघता उडून जातात.